वारं सुटलं की कुठल्या दाराशी जायचं?

मा. जिल्हाधिकारी, ठाणे (अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण),
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका,
मा. आयुक्त, उल्हासनगर महानगरपालिका
यांस,



तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण विठ्ठलवाडीचा पत्ताच तसा आहे. स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. दळण एका महापालिकेत टाकावं आणि कोथिंबीर दुसऱ्या महापालिकेतून आणावी, असा आमचा रोजचा संसार. वारा मात्र दोन्हीकडे एकच वाहतो आणि उडालेला पत्रा हद्द विचारून खाली पडत नाही. पत्रा हा शब्द मुद्दाम आधीच आणला. माझं म्हणणं त्याच्यापासूनच सुरू होतं आणि त्यात पहिली आरोपी मीच आहे.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. तळमजला अधिक तीन मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. गच्ची गळायची. ब्रिकबॅट कोबा दोनदा उकरून नव्याने घातला, डांबराचे पट्टे मारले. तरी वरच्या मजल्यावरच्या वहिनी पावसाळाभर पलंगावर प्लॅस्टिक अंथरून झोपायच्या. शेवटी सगळ्या कल्याण-उल्हासनगरने जे केलं तेच आम्ही केलं. गच्चीवर पत्र्याची शेड चढवली. तीन दरपत्रकं आली होती, सगळ्यात स्वस्त ते घेतलं. फॅब्रिकेटरला मी एकच प्रश्न विचारला, गळणार नाही ना? उडणार नाही ना, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

१३ मे २०२४, सोमवार. दुपार कलत होती. आधी उजेड पिवळा झाला, मग मातकट. खिडक्या लावेपर्यंत घरभर धूळ. डोक्यावर असा आवाज, की कुणीतरी लोखंडी कपाटं ओढत नेतंय. दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत झालं आणि मागच्या चाळीतून ओरडा ऐकू आला. आमच्या शेडचे तीन पत्रे तिथे गेले होते. एक विजेच्या तारेवर लोंबत होता, एक चाळीच्या छपरावर, तिसरा अंगणात, एका पोराच्या सायकलवर. पोरं धुळीने डोळे चुरचुरायला लागले म्हणून नुकतीच घरात गेली होती. धुळीचे उपकार मानण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एवढी एकदाच आली.

संध्याकाळी टीव्हीवर घाटकोपर. पेट्रोल पंपावर कोसळलेला तो १२० बाय १२० फुटांचा फलक. मुंबईत ४० बाय ४० च्या वर परवानगीच नाही, हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राला कळलं. सतरा माणसं गेली. फलक लावणाऱ्याला मीही चार शब्द सुनावले, सोफ्यावर बसून. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले आणि माझं तोंड बंद झालं. शेडच्या खांबांखालच्या प्रत्येक बेस प्लेटला चार भोकं होती. बोल्ट कुठे दोन, कुठे एकच. तेही कोब्यात ठोकलेले. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल. खालच्या स्लॅबपर्यंत बोल्ट पोचलेलाच नव्हता. घाटकोपरच्या आणि आमच्या गच्चीवरच्या कामात फरक आकाराचा होता, वृत्तीचा नव्हता. त्या बिलावर सही माझी आहे.

त्याच आठवड्यात अमेरिकेहून भाचीचा फोन आला. ती ओक्लाहोमा राज्यात नॉर्मनला राहते. तिकडे टोर्नेडो येतात. आपण वावटळ म्हणतो तिची ही पणजी, घरं मुळासकट उचलणारी. दोनच आठवड्यांपूर्वी, २७ एप्रिलला, तिच्या राज्यातल्या सल्फर या गावाची बाजारपेठ भुईसपाट झाली होती. शेजारचं मूर हे गाव तर १९९९ च्या आणि २०१३ च्या मे महिन्यात, चौदा वर्षांत दोनदा मोडलं. २० मे २०१३ ला तिथे चोवीस जण गेले, त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुलं होती. आता भाची घर घेत होती आणि घराबरोबर निवाराही. “मावशी, जमिनीखालचा घेऊ की जमिनीवरचा? सासूबाई येणारेत डोंबिवलीहून, त्यांचे गुडघे तुला माहितीयेत.”

मग तासभर आम्ही निवाऱ्यावरच बोललो. एक प्रकार गॅरेजच्या फरशीत पुरलेला असतो. वर सरकतं झाकण, झाकणावर गाडी उभी, खाली उतरायला उभ्या पायऱ्या. झाकणावर घराचा ढिगारा पडला तर ते आतून उघडायला हाताने फिरवायचं यंत्र बसवतात. दुसरा प्रकार म्हणजे पोलादी खोली, गॅरेजच्या कोपऱ्यात खालच्या काँक्रीटला बोल्टने आवळलेली. पूर्वी लोकांचा जमिनीवरच्या खोलीवर विश्वास नव्हता. पण १९७० च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या लबक शहरावर टोर्नेडो आला, सव्वीस माणसं मेली, आणि तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातले अभियंते पडक्या घरांतून फिरले. अख्खं घर गेलं, पण मधली न्हाणीघराएवढी खोली उभी, असं त्यांना जागोजाग दिसलं. त्यातून घरातल्या सुरक्षित खोलीचं शास्त्र उभं राहिलं. आज तिथे अशा खोलीची परीक्षा घेतात ती तोफेने. सुमारे सात किलोची लाकडी फळी ताशी १०० मैलांच्या वेगाने दारावर आणि भिंतीवर मारतात. आत शिरली तर खोली नापास. खोली टिकायला हवी ती ताशी २५० मैल, म्हणजे ४०० किलोमीटरच्या वाऱ्यात. दाराला कड्या एक नाही, तीन. आणि खोलीची नोंद गावाकडे करायची सोय असते. घर पडलं तरी अग्निशमनवाल्यांना ठाऊक हवं, या ढिगाऱ्याखाली कुठल्या कोपऱ्यात माणसं असतील.

माणशी जागा किती? तीन ते पाच चौरस फूट. भाची हे जरा संकोचून म्हणाली. मी म्हटलं, बाई, सकाळच्या कर्जत लोकलमध्ये एवढ्या जागेत आम्ही चौघी उभ्या राहून भाजी निवडतो.

तिने जमिनीवरची खोली घेतली. कारण गुडघे. आणि दुसरं कारण तिने सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले. मूर उद्ध्वस्त झाल्यानंतर अकराच दिवसांनी, ३१ मे २०१३ ला, पुन्हा टोर्नेडो आले. लोक घाबरलेलेच होते. ओक्लाहोमा सिटीत काही कुटुंबं वाऱ्यापासून वाचायला पावसाळी नाल्याच्या बोगद्यात शिरली. वाऱ्याने त्यांना हातही लावला नाही. पाण्याने नेलं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ओक्लाहोमा नव्हतं, आमची वालधुनी नदी होती.

साहेब, आमचा प्रश्न एवढाच आहे. वारा आला तर माणसाने खाली जावं, खिडकीपासून लांब, घराच्या पोटात. पाणी आलं तर वर जावं. विठ्ठलवाडीत दोन्ही एकाच दुपारी येऊ शकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्या उल्हास-वालधुनीच्या काठाने त्या रात्री काय पाहिलं हे फारसं कुणी विचारलं नाही. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली, हजाराच्या वर प्रवासी होड्यांतून काढावे लागले. म्हणून भुयारी निवारा इथे कामाचा नाही. (अंबरनाथचं शिवमंदिर याच वालधुनीकाठी, १०६० सालचं. त्याच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. पण तो देवाचा निवारा आहे, नऊशेहून अधिक वर्षं उभा आहे. आमच्या इमारतींना तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस येते.)

मग घरातली कोणती खोली? मी आमच्या सोळा घरांत टेप घेऊन फिरले. लोक हसले, चहा मिळाला. आमच्या वन बीएचकेत खिडकी नसलेली जागा एकच, संडास-बाथरूमसमोरचा पॅसेज. तीन फूट बाय सहा. भाचीच्या पोलादी खोलीएवढाच जवळजवळ. दारं लावून घेतली तर काचांपासून आणि बाहेरून उडून येणाऱ्या वस्तूंपासून तिथे बऱ्यापैकी आडोसा मिळतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पहिल्या मजल्यावर यावं, तळमजल्यावरच्यांनी पाणी असेल तर वर चढावं, म्हणजे पहिला मजला दोन्ही संकटांना मानवतो. एवढं ठरवायला मला एक रविवार लागला, पैसा लागला नाही.

मागच्या चाळीत तेच करायला गेले आणि हात टेकले. दहा बाय बाराची एकच खोली, पुढे दार, मागे मोरी, वर पत्रा. घराचं पोट म्हणावं अशी जागाच नाही. पत्रा उडू नये म्हणून वर दगड, जुने टायर, तुटकं जातं. वारा जोराचा असला की यातलंच सगळं आधी सुटतं. त्या घरात भिंतीशी बसावं तर भिंत एका विटेची, पलंगाखाली शिरावं तर पलंगाखाली संसार. तिथे ज्या आजींनी मला पाणी दिलं त्यांनी सरळ विचारलं, “मग आम्ही कुठं जायचं गं?” मी सेक्रेटरी आहे, सरकार नाही. मला उत्तर देता आलं नाही.

आता वाऱ्याचा हिशेब, कारण तुमच्याकडे अभियंते आहेत आणि ते माझा हिशेब तपासू शकतील. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. भारतीय मानक ८७५, भाग ३, यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. इमारत त्याला पुरी पडावी अशी अपेक्षा. तेच सूत्र आमच्या शेडला लावून पाहिलं. ताशी ९० किलोमीटरचा वारा ६०० चौरस फुटांच्या छपराखाली घुसला, तर वर उचलणारा जोर मोघम दोन टनांच्या घरात जातो. पत्रे, अँगल, पाइप धरून शेडचं स्वतःचं वजन त्याच्या निम्मंही नसतं. उरलेलं सगळं बोल्टवर. आणि बोल्ट कोब्यात.

भाचीची खोली ताशी ४०० किलोमीटरला तोंड द्यायला बांधलेली. १३ मे २०२४ ला मुंबईत वाऱ्याने ताशी शंभरीही गाठली नव्हती. चौथा हिस्सा वेग, म्हणजे सोळावा हिस्सा जोर. सोळाव्या हिश्शाच्या जोरात आमच्याकडे सतरा माणसं मेली, आणि ठाणे-मुलुंड दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकून आमच्या लोकल ठप्प झाल्या. अशा वाऱ्याला नैसर्गिक आपत्ती म्हणताना मला तरी लाज वाटते. त्याच वर्षी २ ऑगस्टला कल्याणच्या सहजानंद चौकात भरदिवसा फलक वाहनांवर कोसळला, सुदैवाने जीव गेला नाही. एवढा वारा निसर्ग दरवर्षी देणारच. सैल ठेवतो ते आपण.

म्हणूनच अमेरिकेसारखी पोलादी खोली मी मागत नाही. इथे ती ठेवायला जागा नाही, परवडणारी नाही आणि गरजही नाही. तिकडचं घर लाकडी सांगाड्याचं, संकट आकाशातून उतरणारं. तिथला माणूस दुकानात जाऊन आपल्या कुटुंबापुरता निवारा निवडू शकतो. आमच्यावर जे येऊन पडतं ते शेजारच्या गच्चीवरून, चौकातल्या फलकावरून, वरच्या मजल्याच्या स्लॅबमधून. त्यापासून वाचायचं तर शेजाऱ्याची गच्ची नीट हवी, आणि शेजाऱ्याच्या गच्चीवर माझा अधिकार चालत नाही. तुमचा चालतो.

स्लॅबचं बोलले, तर ते अवघड पान उघडतेच. मे २०२१. उल्हासनगरात १५ तारखेला एका इमारतीचे स्लॅब एकावर एक कोसळले. २८ तारखेला दुसऱ्या इमारतीचे. तेरा दिवसांत डझनभर माणसं गेली. आणि या दोन्हींच्या मध्ये, सोमवारी १७ तारखेला, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभराच्या वर होते. त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर एकच सूचना होती, घराबाहेर पडू नका, घरातच सुरक्षित राहा. सूचना चुकीची नव्हती. पण ज्या शहरात दोन दिवसांपूर्वी घरातल्या घरात माणसं गाडली गेली होती, तिथे ती वाचताना वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. २० मे २०२५ ला आमच्या कल्याण पूर्वेत, चिकणीपाड्याकडे, वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला तो खालपर्यंत गेला. सहा जण गेले. तिथे पॅसेजमध्ये बसलेलं माणूसही वाचलं नसतं.

यासाठीच धोकादायक इमारतींची यादी असते, हे मला माहीत आहे. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे न सोडता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दारावर नोटीस लागते. लोक ती वाचतात आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांना मरणाची हौस नाही. घर सोडलं की हक्क गेला, ही भीती आहे. आणि जायचं कुठे हे नोटिशीत लिहिलेलं नसतं. “तात्काळ रिकामी करा” या शब्दांपुढे एक पत्ता छापला, तर निम्मी तरी माणसं हलतील असं माझं मत आहे.

पत्ता. सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

गंमत अशी, की आमचं हे गावच मुळात निवारा म्हणून वसलं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, रांगेने बराकी. फाळणीनंतर सिंधहून आलेली, घरदार सोडलेली माणसं या बराकींत उतरवली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाला “कॅम्प नंबर चार” असंच म्हणतो. एवढ्या माणसांना, त्या काळात, तुटपुंज्या साधनांत सरकारने छप्पर नेमून दिलं होतं: अमुक कुटुंब, अमुक बराक. तेव्हा जमलं ते आज तीन तासांच्या वादळासाठी जमू नये?

आणि हे उपकार म्हणून नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ३० जिल्हा प्राधिकरणाला सांगतं, की संकटाच्या वेळी मदत केंद्र म्हणून वापरता येतील अशा इमारती आधी हेरून ठेवा आणि तिथे पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय करा. आधी, हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या फाइलीत अशी यादी असेलही. चाळीतल्या आजींना ती फाइल दिसत नाही.

ओडिशाने हे करून दाखवलं आहे. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर गावोगाव निवारे बांधले. उंच खांबांवर, म्हणजे खालून पाणी जाईल. वर काँक्रीटचा भक्कम मजला, म्हणजे वारा सोसेल. चढायला उतार, म्हणजे म्हातारी माणसं आणि गुरं दोघांची सोय. वाऱ्याचा आणि पाण्याचा जो पेच मला विठ्ठलवाडीत सुटेना, तो त्या एका आराखड्यात सुटलेला आहे. बाकी दिवशी त्यांतल्या पुष्कळ इमारतींत शाळा भरते. मे २०१९ मध्ये फणी चक्रीवादळ आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. आपल्याकडे निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा हजारो घरांची कौलं आणि पत्रे गेले. किनारपट्टीवर निवारे बांधण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पात महाराष्ट्रही होता. आम्ही किनारपट्टी नाही, समुद्र आमच्यापासून दूर, म्हणून कुठल्याच नकाशात बसत नाही. आम्ही फक्त दाट आहोत.

नवी इमारत मी मागत नाही. दोन्ही महापालिकांच्या शाळा स्टेशनच्या दोन्ही अंगांना चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांतल्या कोणत्या शाळेचा पहिला मजला भक्कम आहे, एवढं तुमच्या अभियंत्याने तपासून लेखी द्यावं. तिच्या खिडक्यांच्या काचांना जाळी, जिन्याला दिवा, नळाला पाणी, बायकांच्या संडासाला कडी. चावी दोन माणसांकडे, आणि दोघेही तिथल्या दहा मिनिटांच्या परिघात राहणारे. हद्दीपलीकडच्या माणसाला “तुमची शाळा तिकडे” म्हणून परत पाठवायचं नाही, हे दोघा आयुक्तांनी एकाच कागदावर सही करून ठरवावं. जिल्हाधिकारी साहेबांचं नाव या पत्रात सर्वांत वर लिहिलं ते याचसाठी.

हवामान खात्याची रडार कुलाब्याला आहे, वेरावलीला आहे. पुढच्या तीन तासांचा इशारा आता फोनवर येतो. कर्कश आवाज करून येतो, त्याबद्दल खरोखर आभार. पण इशाऱ्यात “ठाणे जिल्ह्यात मेघगर्जनेसह जोरदार वारे” इतकंच असतं. भाचीला तिकडे सरासरी दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि तेवढी पुरतात, कारण जायचं दार ठरलेलं असतं. आम्हाला कधी तास-दोन तास मिळतात आणि ते आम्ही खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढण्यात घालवतो.

शेडबद्दल एक विनंती, आणि इथे तुमच्यातले काही जण नाराज होतील. गच्चीवरच्या शेडकडे फक्त अतिक्रमण म्हणून पाहू नका. ती पाडायची म्हटली की माणसं लपवतात, नेत्याकडे जातात, आणि बोल्ट तसाच राहतो. गच्ची गळते म्हणून शेड आली, ती गळायची थांबेपर्यंत शेड जाणार नाही. नियमाचं काय करायचं ते नंतर करा. आधी एका पानाचा नमुना छापा: बोल्ट स्लॅबमध्ये किती खोल, एका खांबाला किती, पत्र्याला जे-हुक किती अंतरावर, गंजले तर कधी बदलायचे. प्रभागातल्या प्रत्येक फॅब्रिकेटरला तो द्या आणि सोसायटीकडून दरवर्षी भरून घ्या. चाळींच्या पत्र्यांनाही हुक आणि लोखंडी पट्ट्या लागतात, त्याचा खर्च एका घराला फार येत नाही. तो महापालिकेने उचलावा. उडालेल्या छपराचा पंचनामा आणि भरपाई त्याहून महाग पडते.

आणि तारीख बदला. पावसाळापूर्व कामांची मुदत ३१ मे असते, नियंत्रण कक्षाची धावपळ १ जूनपासून. पण वळवाचा वारा मेमध्येच येतो. वर लिहिलेल्या मे महिन्यातल्या तारखा पुन्हा एकदा पाहाव्यात. मोठे फलक, शेड, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, वाळलेली झाडं यांची तपासणी ३० एप्रिलला संपलेली हवी. टाक्यांचं सांगायचं राहिलंच. हजार लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची असते, ती हलत नाही. रिकामी टाकी चेंडूसारखी जाते. ज्या दिवशी पाणीकपात, त्या दिवशी गच्चीवरच्या सगळ्या टाक्या रिकाम्या. तेव्हा वादळाचा इशारा असेल त्या दिवशी तरी पाणी बंद ठेवू नये, एवढं दोन खात्यांनी एकमेकांशी बोलून घ्यावं.

आमचं आम्ही काय केलं, ते सांगून थांबते. शेड सोडवून पुन्हा बसवली. कोबा फोडून बोल्ट स्लॅबमध्ये नेले, प्रत्येक प्लेटला चार. खर्च पहिल्या वाचवलेल्या पैशांच्या वर गेला आणि वार्षिक सभेत मला बोलणी बसली, ती रास्तच होती. बॉक्स-ग्रीलमधल्या कुंड्या मेमध्ये आत घ्यायच्या, असं ठरलं, निम्मे घेतात. चाळीतल्या पोराला सायकल घेऊन दिली. जिन्याच्या पहिल्या वळणावर एक फळा लावला आहे. त्यावर ऑइलपेंटने लिहिलंय: वारा असेल तर पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये जमा, पाणी असेल तर पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर, मेन स्विच बंद करणारं बिऱ्हाड क्रमांक सहा, आजी-आजोबांना आणणारं बिऱ्हाड क्रमांक अकरा. त्याच फळ्याची दुसरी प्रत मागच्या चाळीत टांगली आहे. तिच्यावर एकच ओळ आहे:

निवाऱ्याची शाळा ............ चावी ............ फोन ............

ती ओळ रिकामी आहे. भरून द्यावी, ही विनंती. ३० एप्रिलच्या आत.

आपली नम्र,
विठ्ठलवाडीतल्या एका सोसायटीची सेक्रेटरी